टेपने मोजलेलं वय

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागच्या हिवाळ्यात जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक काळं, चामड्याचं मोटरसायकल जॅकेट घेतलं. आतल्या चिठ्ठीवर ४० आकडा, भाच्याची छाती चाळीस इंच, दुकानदार म्हणाला पन्नासच्या दशकातलं आहे, सौदा झाला. सुट्टीत पुण्याला आला तेव्हा अंगावर चढवूनच दाखवलं. चेन लागत होती, पण श्वास रोखून. आणि जॅकेट जिथे संपत होतं तिथून जीन्स सुरू व्हायला चांगलं चार बोटं अंतर होतं. त्या फटीतून टी-शर्ट डोकावत होता.

"मामा, आकसलंय बहुतेक," तो म्हणाला.

आकसलं नव्हतं. माप बरोबर होतं, पँट चुकीची होती.

तीसच्या ते पन्नासच्या दशकांत पुरुष पँट बेंबीपाशी घालत. घरात आजोबांचा त्या काळातला उभा फोटो असेल तर काढून पाहा, पट्टा कुठे बांधलाय ते दिसेल. त्या पँटवर जॅकेट खऱ्या कमरेशी संपलं तरी फट पडत नसे. पुढे पँट खाली घसरत कमरेच्या हाडांवर आली आणि जॅकेटं तिच्या मागे लांब होत गेली. त्यामुळे मानेच्या शिवणीपासून खालच्या काठापर्यंत पाठीची उंची मोजली की वयाचा पहिला अंदाज टेपच देतो. जुन्या जॅकेटबद्दल लोक दोन प्रश्न निरनिराळे विचारतात, मला होईल का आणि किती जुनं आहे. मला ते एकाच प्रश्नाचे दोन तुकडे वाटतात. कपडा ज्या काळात शिवला त्या काळाच्या शरीराला, पँटला आणि गाडीला तो बसतो. कुठे बसत नाही हे नीट पाहिलं की काळ कळतो.

हा जो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणारा घाट आहे, तिरकी चेन, रुंद कॉलरची पानं, खांद्यावर पट्ट्या, कमरेला बक्कल, तो १९२८ सालचा. न्यूयॉर्कमध्ये अर्विंग आणि जॅक स्कॉट या भावांनी १९१३मध्ये रेनकोट शिवायला सुरुवात केली होती. त्यातल्या अर्विंगने मोटरसायकलवाल्यांसाठी हे जॅकेट काढलं आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, परफेक्टो. लाँग आयलंडवरच्या हार्ले-डेव्हिडसनच्या विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला मिळायचं. १९५३मध्ये 'द वाइल्ड वन' सिनेमात मार्लन ब्रँडोने याच घाटाचं जॅकेट घातलं आणि कामाचा कपडा एकदम बंडखोरीचा गणवेश झाला. ब्रिटनच्या सेन्सॉरने तो सिनेमा १९६७पर्यंत अडवून धरला होता. हे सगळं प्रसिद्ध आहे, म्हणून इथेच सोडतो. शिंप्याच्या नजरेने पाहिलं तर त्या जॅकेटात ब्रँडोपेक्षा जास्त मजा आहे.

तिरकी चेन आधी बघू. गाडीवर पुढे झुकून बसलं की सरळ चेन पोटाशी दुमडते, गळ्याशी फुगते. तिरकी चेन त्या घडीच्या बाजूने जाते, आणि छातीवर चामड्याचे दोन पदर एकमेकांवर येत असल्याने वारा आत शिरत नाही. कॉलरच्या पानांना टिचबटणं असतात ती दिसायला छान म्हणून नाहीत. ती लावली नाहीत तर वेगात ही पानं तोंडावर फडाफडा बसतात. पुढचा भाग आखूड, कारण लांब असला तर बसल्यावर टाकीला अडून हनुवटीकडे सरकतो. बाह्या मात्र लांब. हात हँडलकडे गेले की बाही मनगटावरून दोन इंच मागे येते, शिवाय कोपराशी चामड्याला कायमच्या चुण्या पडून ती आणखी आखडते. दुकानातल्या आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं की बाही अंगठ्याच्या बुडाशी येते आणि माणूस म्हणतो, मोठं होतंय. मग एक नंबर लहान घेतो आणि फसतो.

सगळ्यात महत्त्वाचा मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर. आपल्या कोणत्याही जुन्या शिंप्याला विचारा, बाही बिघडते ती मुंढ्यात. मोठा, खाली उतरलेला मुंढा सैल म्हणून सोयीचा वाटतो, पण होतं उलटंच. त्यात हात वर केला की बाही काखेपासून सगळा अंगरखा वर ओढते. काखेत वर बसणारा लहान मुंढा हाताबरोबर फिरतो आणि जॅकेट जागच्या जागी राहतं. चांगल्या जुन्या जॅकेटात मुंढा लहान असतो, काखेत कळी घातलेली असते आणि पाठीवर खांद्यांमागे दोन उभ्या घड्या असतात. हात पुढे गेले की त्या उघडतात, मागे आले की मिटतात. भाच्याला मी खुर्चीवर उलटं बसवलं, पाठीचा कठडा पुढे, आणि हँडल धरल्यासारखे हात धरायला सांगितलं. उभा असताना अवघडलेला तो मुलगा एकदम सैलावला. पाठीच्या घड्या उघडल्या, बाही मनगटावर बरोबर येऊन थांबली. जॅकेट बसण्यासाठी कापलेलं होतं, त्याने उभं राहून पारखलं होतं.

आता आकडे. अमेरिकन आणि ब्रिटिश जॅकेटवरचा ४० हा आकडा घालणाऱ्याच्या छातीचा, इंचांत. जॅकेट त्याहून मोठं असतं. सपाट टेबलावर चेन लावून जॅकेट पसरायचं, दोन्ही काखांच्या शिवणींमधलं अंतर मोजायचं आणि दुप्पट करायचं. या व्यवसायात त्याला 'पिट टू पिट' म्हणतात. साडेएकवीस इंच भरलं तर घेर त्रेचाळीस. आत नुसता टी-शर्ट घालणार असाल तर छातीपेक्षा तीन इंच जास्त पुरतात. स्वेटर घालून थंडीत गाडी चालवायची तर चार-पाच हवेत. भाच्याच्या जॅकेटचा घेर एकेचाळीस निघाला. म्हणजे चिठ्ठी खोटी नव्हती, पण शिवणाऱ्याने हात राखून चामडं वापरलं होतं. जर्मन, फ्रेंच, इटालियन जॅकेटवर ५० दिसलं तर घाबरू नका. तो छातीच्या घेराचा निम्मा, सेंटिमीटरमध्ये. ५० म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणजे अमेरिकन ४०च्या जवळपास. दहा वजा करा, झालं.

बायकांच्या जुन्या जॅकेटच्या आकड्यांवर अजिबात विसंबू नये. अमेरिकेत १९५८ साली सरकारी पातळीवर मापांचं एक प्रमाण ठरलं होतं, त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच. आज त्याच ८ नंबरात चार-पाच इंच जास्त छातीची बाई आरामात मावते, कारण दरम्यान गिऱ्हाइकाला बारीक असल्याचं समाधान द्यायला कंपन्यांनी आकडे तेच ठेवून कपडे वाढवत नेले. जुन्या १४ नंबरचं जॅकेट कॉलेजातल्या सडपातळ मुलीला बसलं तर नवल नाही.

टेपने अदमास दिला की भिंग काढायचं. पहिलं भिंग चेनवर, रनरच्या पाठीवर आणि ओढायच्या पट्टीवर. अमेरिकन जॅकेटांत सर्वांत जास्त भेटणारं नाव टॅलन. पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावची ही कंपनी आधी हूकलेस फास्टनर या नावाने ओळखली जाई. तिथल्या गिडियन संडबॅकने आजच्या चेनची रचना बसवली आणि १९१७मध्ये तिचं पेटंट मिळालं. कंपनीने १९३७मध्ये नावच टॅलन करून घेतलं. त्यामुळे रनरवर 'हूकलेस' कोरलेलं असेल तर जॅकेट बहुधा त्या आधीचं आणि पाकीट सांभाळून बोला, कारण दुकानदारालाही ते माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धात पितळ दारूगोळ्याकडे वळल्यामुळे पोलादी आणि जस्ती चेनी वापरल्या गेल्या. जपानची वायकेके १९३४मध्ये सुरू झाली, पण न्यूयॉर्कमध्ये तिने बस्तान मांडलं ते १९६०मध्ये. चाळीसच्या दशकातलं म्हणून विकल्या जाणाऱ्या अमेरिकन जॅकेटला मूळची म्हणून वायकेकेची चेन असेल तर नमस्कार करून निघावं.

पण इथे हौशी लोक हमखास घसरतात. चेन कधी बनायला लागली ते आपल्याला कळतं. ती जॅकेटला कधी लागली ते कळत नाही. कारखान्यात जुन्या चेनींची खोकी वर्षानुवर्षं पडून असत आणि संपेपर्यंत वापरली जात. उलट चेन हा जॅकेटचा सर्वांत आधी मोडणारा भाग, त्यामुळे बदललेलीही असते. म्हणून नियम असा की जॅकेट त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागाहून जुनं असू शकत नाही. आणि मूळ भाग कोणता हे चामडं सांगतं. कापडातली सुई काढली की धागे सरकून भोक मिटतं, चामड्यात पडलेलं भोक मिटत नाही. भाच्याच्या जॅकेटची पुढची चेन टॅलन, उजव्या कफची टॅलन आणि डाव्या कफची वायकेके. डाव्या कफच्या शिवणीशेजारी भिंग धरलं तर दोऱ्याच्या रांगेला समांतर, अर्ध्या धाग्याच्या अंतरावर, रिकाम्या भोकांची दुसरी रांग होती. जुनी चेन उसवली तिची खूण. पुढच्या चेनशी मात्र एकच रांग. ती पहिल्यापासूनची.

दुसरं भिंग चिठ्ठीवर. त्यात कंपनीच्या नावापेक्षा पत्ता बोलतो. अमेरिकन टपालखात्याने १९४३मध्ये मोठ्या शहरांना विभाग क्रमांक दिले आणि १९६३मध्ये पाच आकडी झिप कोड आणला. शहराच्या नावापुढे एकदोन आकडे असतील, 'न्यूयॉर्क ३' असं, तर चिठ्ठी या वीस वर्षांतली. 'मेड इन वेस्ट जर्मनी' लिहिलंय तर जॅकेट ऑक्टोबर १९९०च्या एकीकरणाच्या आधीचं. आरएन अक्षरांपुढे नंबर असेल तर तो अमेरिकेच्या व्यापार आयोगाने उत्पादकाला दिलेला ओळख क्रमांक. आज चालू असलेली मालिका १३६७० पासून १९५९च्या सुमारास सुरू झाली, त्यामुळे पाच-सहा आकडी मोठा नंबर पाहून चाळीसच्या दशकाचा दावा निकालात काढता येतो. मात्र नंबर कंपनीला एकदाच मिळतो आणि ती तो पन्नास वर्षं वापरते, हे विसरून लोक नंबराच्या वर्षालाच जॅकेटचं वर्ष समजतात. आणि नंबर नसणं हाही पुरावा नव्हे. नंबराऐवजी कंपनीचं नाव छापलं तरी कायद्याला चालतं.

लष्करी जॅकेटवाल्यांचा या बाबतीत हेवा वाटतो. अमेरिकन वैमानिकांचं ए-२ जॅकेट १९३१मध्ये ठरलं. त्याच्या चिठ्ठीवर खरेदीचा करार क्रमांक असतो आणि युद्धकाळातल्या अनेक करारांत पहिले दोन आकडे आर्थिक वर्षाचे. ४२ दिसलं की १९४२. सरकार बोळा झालेल्या कागदालाही नंबर देतं, ते इथे कामी आलं. मोटरसायकलवाल्यांचा कपडा कुणी नोंदवून ठेवला नाही.

चामड्याकडे हात सगळ्यात शेवटी न्यावा, कारण तिथे डोळ्यांपेक्षा मन जास्त बोलतं. जुनी अमेरिकन जॅकेटं बरीचशी घोड्याच्या कातड्याची. घट्ट पोताचं, चमकदार, सुरुवातीला पत्र्यासारखं ताठ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक घोडे आणि खेचरं होती. ट्रक आणि ट्रॅक्टर आले आणि १९६०पर्यंत ती संख्या तीस लाखांच्या आसपास उतरली. घोडेच नाहीत तर कातडं कुठून येणार? गुराचं कातडं त्या जागी आलं. म्हणून घोड्याचं जॅकेट साधारण साठच्या दशकाच्या आधीचं, असं म्हणतात आणि ढोबळमानाने ते खरं आहे, पण नुसत्या नजरेने घोडा आणि बैल वेगळे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. कमावण्याची पद्धत ओळखणं त्यापेक्षा सोपं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं, त्याचा कापलेला काठ तपकिरी दिसतो. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्याचा काठ निळसर करडा. काळ्या जॅकेटच्या कोपरावर, खिशाच्या कडेवर रंग झिजून आतून चहासारखा तपकिरी डोकावत असेल तर त्याला जाणकार 'टी कोअर' म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. तो तपकिरी आजकाल मुद्दाम आणला जातो, हे लक्षात ठेवा.

खोटेपणा ओळखायला झीज कुठे आहे ते पाहावं. खरी झीज कामाच्या जागी असते: कफच्या काठावर, मानेला घासणाऱ्या कॉलरच्या आतल्या बाजूला, चेनच्या तळाशी जिथे रोज दोन बोटांनी धरून पिन खोबणीत घालतात तिथे, ज्या खिशात हात जातो त्याच्या ओठावर. कारखान्यात घासलेलं जॅकेट सगळीकडे सारखंच म्हातारं दिसतं, पाठीच्या मधोमधसुद्धा, जिथे काहीच घासत नाही. अस्तराच्या शिवणीतला सुटलेला दोऱ्याचा तुकडा मिळाला तर जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून टोकाला मणी धरतो. पॉलिएस्टर धागा बाजारात आला तो पन्नासच्या दशकात. जपान आणि स्कॉटलंडमधले काही कारागीर जुन्या जॅकेटच्या इतक्या तंतोतंत प्रती शिवतात की जुन्या साच्याच्या चेनीही घडवून घेतात. त्या प्रती फसवणूक नाहीत, राजरोस आपल्या नावाने विकल्या जातात आणि मूळ जॅकेटपेक्षा टिकाऊ असतात. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने चिठ्ठी कापली की घोटाळा सुरू होतो.

ऐंशीच्या दशकातलं जॅकेट ओळखायला यातलं काहीच लागत नाही. गाडी न चालवणाऱ्यांनी ते घालायला लागल्यावर खांदे रुंद झाले, मुंढे खाली उतरले, चामडं पातळ झालं आणि एकसंध पाठीच्या जागी तुकडे जोडून पाठ शिवली जाऊ लागली. जुन्या बाजारात 'पन्नासच्या दशकातलं' म्हणून सर्वांत जास्त हीच खपतात. पाठीवर आडवी-उभी जोडकामं मोजा आणि काखेत हात घालून पाहा.

भाच्याच्या जॅकेटचा हिशेब असा जमला: चिठ्ठीवर न्यूयॉर्कचा विभाग क्रमांक, मूळच्या टॅलन चेनी, उंच मुंढा, चोवीस इंच पाठ, एकसंध पाठीचं कातडं, सुती दोरा. १९४३ ते १९६३ इतकं नक्की, आणि घाट बघता दुकानदाराचा पन्नास हा शब्द मान्य करायला माझी हरकत नाही. बसण्याबद्दल सांगायचं तर कापू नको म्हणालो. खाली पट्टी जोडून लांबी वाढवलेली जॅकेटं मी पाहिली आहेत. ती जुनीही राहत नाहीत आणि बसतही नाहीत. त्याने उंच कमरेची पँट शिवून घेतली. नारायण पेठेतल्या शिंप्याने माप घेताना "बेंबीवर? नक्की?" असं दोनदा विचारलं.

आपल्याकडे असलं जॅकेट आणणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार आधी करावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं चामडं मुंबई-कोकणात एका आषाढात बुरशीने पांढरं होतं. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती चादर घालून, हवेशीर ठेवावं. भिजलं तर सावलीत वाळवावं, हीटरसमोर किंवा उन्हात नाही. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना तापलं की खरोखरच आकसतं आणि ते परत येत नाही. हात लावल्यावर तांबूस भुकटी येत असेल तर विकतच घेऊ नये, त्या कुजण्याला उपाय नाही. आणि हे जॅकेट घालून लेहला जाणार असाल तर एवढं ऐका: सत्तर वर्षांचा सुती दोरा रस्त्यावर घसरताना शिवण धरून ठेवत नाही, कोपर-खांद्यात संरक्षक पॅड नाहीत, आणि आजच्या युरोपीय ईएन १७०९२ सारख्या कसोटीला ते कधी बसलेलंच नाही. गावात मिरवा, घाटात नवं घाला.

विकत घेताना, विशेषतः फोटो पाहून घेताना, विक्रेत्याकडून पाच मापं मागून घ्या: काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, खांद्यापासून कफपर्यंत बाही, मानेपासून खाली पाठ, आणि खालचा घेर. सोबत रनरचा आणि चिठ्ठीचा जवळून काढलेला फोटो. 'साइज ४०, फिफ्टीज' एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला तर पैसे पाठवू नका.